उजेडाची पारख

धान्य घ्यावयाचे तर चिमटीत धरून पाहावे, मडके घ्यावयाचे तर टिचकी मारून पाहावे, सोने घ्यावयाचे तर कसास लावून पाहावे, ही आपल्या वाडवडिलांची रीत. परंतु उजेड विकत घ्यावयाचा झाला तर तो कसा पारखावा? हा प्रश्न मला पडला तो साठी उलटल्यावर; आणि तो पडण्यास एक लहानसा, पण मनाला कायमचा लागून राहिलेला प्रसंग कारण झाला. आज मला उजेडाच्या मापाचा इतिहास सांगावयाचा आहे. तथापि आरंभ त्या प्रसंगापासूनच केला पाहिजे.

आमचे माजरी गाव चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती तालुक्यात, कोळशाच्या खाणींच्या शेजारी वसलेले आहे. शाळेतून निवृत्त झाल्यावर हिवाळ्याच्या रात्री गल्लीतील मुलांना तारे दाखविण्याचा नाद मला लागला. खाणीतून उपसलेल्या मातीच्या ढिगाऱ्यामागून मृग नक्षत्र वर येई. पण ‘तो पाहा व्याध’ म्हणून बोट करावे, तर दहा मुले दहा निरनिराळ्या ताऱ्यांकडे पाहत. यावर उपाय म्हणून एका जत्रेत मी हिरव्या उजेडाचा लेझर पॉइंटर घेतला. बाजारात त्याला नुसते ‘लेझर लाइट’ म्हणतात. लेखणीएवढी ती वस्तू. कळ दाबली की हिरवी रेघ थेट आकाशाला भिडल्यासारखी दिसे. विकणारा म्हणाला, “घ्या जी गुरुजी, दहा किलोमीटर जाते!” मी चष्मा सावरून वेष्टनावरचा मजकूर वाचला. ‘शक्ती पाच मिलिवॅटपेक्षा कमी’ असे तेथे छापलेले होते. मी जुना मॅट्रिक. छापील अक्षरावर माझा विश्वास. छापले कोणी आणि मोजले कोणी, हे विचारण्याचे मला सुचले नाही.

पुढे एका रात्री तो पॉइंटर मुलांच्या हातातून फिरत असता एका दहा वर्षांच्या मुलाच्या डोळ्यात त्याची रेघ क्षणभर गेली. मुलाने डोळा चोळला, आम्ही सगळे हसलो, आणि खेळ पुढे चालू राहिला. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला व म्हणाला, “गुरुजी, वाचताना अक्षरावर ठिपका येते.” चंद्रपूरच्या नेत्रवैद्यांनी तपासून दृष्टिपटलावर भाजल्याची बारीक खूण असल्याचे सांगितले. माझा एक जुना विद्यार्थी एका महाविद्यालयाच्या पदार्थविज्ञान शाळेत कामास आहे. त्याच्याकडे मी ती वस्तू घेऊन गेलो. त्याने ती मापकासमोर धरली आणि काटा पाहून तो गप्प झाला. नुसता हिरवा उजेडच तीस मिलिवॅटच्या वर होता. पाचाच्या जागी तीस!

श्रोतेहो, ‘मापात पाप’ हा शब्दप्रयोग आपण लहानपणापासून ऐकतो. त्याचा अर्थ आजवर एकच होता: दुकानदाराने कमी दिले, दांडी मारली. येथे मात्र मला सांगितल्याच्या सहापट माल मिळाला होता, आणि पाप त्या जादा मालातच होते. ही गोष्ट ध्यानी धरूनच पुढील इतिहास ऐकावा.

वजनमापांवर देखरेख ठेवणे हे राजाचे कर्तव्य होय, ही कल्पना आपल्या देशात फार जुनी. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘पौतवाध्यक्ष’ नावाचा स्वतंत्र अधिकारी आहे. वजने लोखंडाची किंवा मगध व मेकल देशांतील दगडांची असावीत, म्हणजे ती पाण्याने वाढणार नाहीत व उष्णतेने घटणार नाहीत, आणि दर चार महिन्यांनी त्यांची तपासणी व्हावी, असे त्यात सांगितले आहे. पेशवाईत पुण्याच्या कोतवालाकडे बाजारातील वजनमापांची देखरेख असे. तरीही शेर, पायली, मण, खंडी ही मापे गावोगाव निराळी असत. एका पेठेचा शेर दुसऱ्या पेठेत चालत नसे. स्वातंत्र्यानंतर १९५६ साली प्रमाणित वजनमापांचा कायदा झाला, आणि १९५८ पासून क्रमाक्रमाने किलो, मीटर व लिटर आले. पुढे २००९ साली वैध मापनशास्त्राचा कायदा झाला व तो १ एप्रिल २०११ पासून अमलात आला. या सर्व व्यवस्थेच्या मुळाशी एक साधे तत्त्व आहे. माप हे विकणाऱ्याच्या मालकीचे असता कामा नये. त्यावर तिसऱ्याचा शिक्का पाहिजे.

हे झाले ज्याचे ओझे होते अशा मालाविषयी. पण जी वस्तू तराजूत बसत नाही, तिचे काय करावे? हा पेच प्रथम मोठ्या प्रमाणावर पडला तो वाफेच्या यंत्रांच्या विक्रीत. आणि आमच्यासारख्या खाणीच्या गावाला तो सहज समजेल. अठराव्या शतकात इंग्लंडात खाणीतील पाणी उपसण्यास घोडे जुंपीत. जेम्स वॅटला आपले यंत्र विकावयाचे होते, आणि गिऱ्हाईक विचारी, ‘हे किती घोड्यांचे काम करील?’ तेव्हा वॅटने हिशेब बसवून एका घोड्याचे काम ठरविले: एका मिनिटात ३३,००० पौंड वजन एक फूट उचलणे. साधारण घोड्याला दिवसभर इतके काम झेपत नाही. म्हणजे विकणाऱ्याने आपले माप गिऱ्हाइकाच्या बाजूने झुकते ठेवले होते. १८८२ साली विल्यम सीमेन्स याने शक्तीच्या एककास वॅटचेच नाव सुचविले. आज आपल्या दिव्यावर जो ‘वॅट’ लिहिलेला असतो तो हाच, आणि त्याचा हजारावा भाग म्हणजे मिलिवॅट.

उजेडाची गोष्ट याहून अवघड ठरली, कारण उजेड पारखणारा डोळा हा मोठा लबाड साक्षीदार आहे. ‘हा दिवा त्या दिव्याच्या किती पट?’ असे विचारले तर तो वाटेल ते सांगतो. पिएर बूगे या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७२९ साली दाखवून दिले की दोन उजेड शेजारी ठेवले तर ते सारखे आहेत की नाहीत एवढेच डोळ्याला नेमके ओळखता येते. यावरून युक्ती निघाली. ठरावीक दिवा एका जागी ठेवावा, तपासावयाचा दिवा मागेपुढे सरकवावा, आणि दोहोंचा उजेड समान दिसला की अंतरे मोजून हिशेब करावा. रमफोर्डने यासाठी काठीच्या दोन सावल्या ताडून पाहिल्या, तर बुन्सेनने कागदावरील तेलाचा डाग वापरला. हा डाग जेव्हा दिसेनासा होतो तेव्हा दोन्ही बाजूंचा उजेड सारखा झाला असे समजावे.

परंतु ‘ठरावीक दिवा’ कोणता? लंडनमध्ये वायूच्या दिव्यांच्या कंपन्या व गिऱ्हाइके यांच्यात वाद माजले, आणि १८६० च्या कायद्याने मेणबत्तीचेच माप बांधून दिले. देवमाशाच्या डोक्यातील मेणाची, पौंडाच्या सहाव्या हिश्श्याची, तासाला १२० ग्रेन जळणारी मेणबत्ती म्हणजे एक माप. पुढे कित्येक वर्षे आपल्याकडील दिव्यांच्या जाहिरातीतही ‘इतक्या मेणबत्त्यांचा प्रकाश’ असा शब्द असे. लग्नाच्या मांडवातला, फुसफुसणारा, जाळीचा बत्तीदिवा ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे आठवेल. तो दिवा खरोखर तेवढ्या मेणबत्त्यांचा होता की नाही, हे मात्र कोणी तपासले नाही. फार तर पंगतीत वांग्याची भाजी नीटशी दिसली नसती, डोळ्याला इजा झाली नसती.

आता या कथेला एक वळण मिळते. १८०० साली विल्यम हर्शेलने सूर्यप्रकाश लोलकातून पाडला व प्रत्येक रंगात उष्णतामापक ठेवून पाहिले. तांबड्या रंगाच्या पलीकडे, जेथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तेथे पारा सर्वांत अधिक चढला. म्हणजे न दिसणाराही प्रकाश आहे, आणि तो भाजू शकतो. त्यालाच आपण अवरक्त किरण म्हणतो. १८२१ साली सीबेकने शोधून काढले की दोन धातूंच्या जोडांपैकी एक तापविला तर विजेचा प्रवाह निर्माण होतो. आणि १८३० नंतर नोबिली व मेलोनी यांनी असे पुष्कळ जोड एकत्र बांधून ‘थर्मोपाइल’ नावाचे मापक तयार केले. यामुळे उजेडाची पारख डोळ्याच्या हातून सुटून उष्णतेच्या हाती गेली. काळ्या चकतीवर प्रकाश पडू द्यावा, ती किती तापते ते पाहावे. रंग कोणताही असो, दिसो वा न दिसो, हिशेब चुकत नाही.

माजरीच्या श्रोत्यांना यात नवल वाटू नये, कारण आमच्या गावचा मालही असाच मोजला जातो. कोळसा काळा किती आणि चमकतो किती यावरून त्याची किंमत ठरत नाही. नमुना दळून, त्यातील ग्रॅमभर भुकटी प्राणवायूने भरलेल्या बंद पोलादी भांड्यात जाळतात व भोवतालचे पाणी किती तापले ते पाहतात. १ जानेवारी २०१२ पासून आपल्या देशात कोळशाची प्रतवारी या एकूण उष्णतामूल्यावर होते. एक ते सतरा अशा तिच्या प्रती आहेत, आणि एका प्रतीतून दुसरीत जावयास किलोमागे ३०० किलोकॅलरींचे अंतर आहे. खाण म्हणते एक प्रत, वीजकेंद्र म्हणते दुसरी. हा तंटा मिटावा म्हणून दोघांच्याही बाहेरील तिसऱ्या संस्थेकडून, धनबादच्या केंद्रीय खनन व इंधन संशोधन संस्थेसारख्या, नमुने तपासून घेण्याची पद्धत पडली. ज्या गावच्या वाघिणी पारखल्यावाचून कोणी पत्करीत नाही, त्या गावच्या मास्तराने मात्र हातातला उजेड पारखला नाही!

लेझरचा जन्म १९६० सालचा. त्या वर्षीच्या १६ मे रोजी अमेरिकेत थिओडोर मेमन याने माणकाच्या कांडीतून पहिला लेझर प्रकाश काढला. या नव्या प्रकाशाला आरंभी धड मापही नव्हते. त्याचा झोत दाढीची किती पाती एकाखाली एक भेदतो हे मोजून शास्त्रज्ञ थट्टेने ‘इतक्या जिलेटचा लेझर’ असे म्हणत. आपल्याकडे १९६४ साली मुंबईस तुर्भ्याच्या अणुशक्ती संस्थेत अर्धवाहकाचा लेझर तयार झाला, आणि १९८४ साली इंदूरला लेझर व त्वरकयंत्रांच्या संशोधनासाठी स्वतंत्र केंद्राचा पाया घातला गेला. संशोधनशाळेत असताना प्रत्येक लेझरसोबत त्याचा मापक असे. पुढे तो स्वस्त झाला, खेळण्याच्या दुकानात आला, जत्रेत आला. मापक मात्र प्रयोगशाळेतच राहिला. माल बाजारात आधी पोचतो आणि तराजू मागाहून, हा इतिहासाचा नेहमीचाच क्रम आहे.

लेझरची शक्ती मोजणे इतके अगत्याचे का? साध्या दिव्याचा उजेड चोहीकडे पसरतो. लेझरचा एका रेषेत जातो. डोळ्याचे भिंग तो दृष्टिपटलावर सुईच्या टोकाहून लहान ठिपक्यात गोळा करते, आणि बुबुळावर पडतो त्याच्या सुमारे लाखपट तीव्र होऊन तो आत पोचतो. म्हणून जागतिक प्रमाणांत लेझरचे वर्ग पाडले आहेत. एक मिलिवॅटपर्यंतचा दिसणारा झोत दुसऱ्या वर्गात येतो. त्यापासून पापणी मिटण्याची सहजक्रिया, जी पाव सेकंदात घडते, डोळ्याचे रक्षण करते. पाच मिलिवॅटपर्यंत धोका अल्प मानतात. पाच ते पाचशेपर्यंत पापणी मिटेतो इजा होऊन जाऊ शकते. त्यावरील झोताने कातडी व कागदही जळतो. ऑस्ट्रेलियाने २००८ सालीच एक मिलिवॅटवरील पॉइंटरांच्या आयातीवर निर्बंध घातले.

हिरव्या पॉइंटरात आणखी एक मेख आहे. त्यातील पुष्कळांत हिरवा उजेड सरळ उत्पन्न होत नाही. आत एक अदृश्य अवरक्त झोत असतो; तो एका स्फटिकातून दुसऱ्या अवरक्त झोतात बदलतो, आणि मग दुसऱ्या स्फटिकातून त्याचा हिरवा होतो. तोंडाशी उरलेले अवरक्त अडविणारी काच बसवावयाची असते. ती बसविली नाही तर काही पैसे वाचतात, आणि अवरक्त किरण हिरव्यासोबत बाहेर पडतात. ते दिसत नसल्याने पापणीही मिटत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय प्रमाण संस्थेतील संशोधकांनी २०१० साली असा एक स्वस्त पॉइंटर तपासला. दहा मिलिवॅटचा म्हणून विकलेल्या त्या वस्तूचा हिरवा उजेड मंद होता, पण अदृश्य अवरक्त सुमारे २० मिलिवॅट निघाले. त्याच संस्थेने १२२ पॉइंटर तपासून २०१३ साली जाहीर केले की हिरव्यांपैकी जवळजवळ ९० टक्के व तांबड्यांपैकी सुमारे ४४ टक्के नियमाबाहेर आहेत. ज्या देशात कायदा होता तेथली ही स्थिती.

आपल्याकडे या प्रकाशाचा फटका वेगळ्या रूपाने बसला. २०२३ च्या गणेश विसर्जनानंतर नाशिकच्या नेत्रतज्ज्ञांकडे दृष्टिपटलास इजा झालेले तरुण आले. मिरवणुकीतील लेझर झोत त्यांनी पाहिले होते. पुढील वर्षी पुणे पोलिसांनी उत्सवात अशा झोतांस मनाई केली. ते झोत मोठे, आमचा पॉइंटर लहान. पण दोन्ही ठिकाणी एकच उणीव होती. किती शक्तीचा प्रकाश आपण सोडीत आहोत, हे सोडणाऱ्यालाच ठाऊक नव्हते.

आता खरेदीपूर्वी काय पाहावे, हे माझ्या त्या विद्यार्थ्याने मला शिकविले ते सांगतो. गुरूने शिष्याकडून शिकण्यात कमीपणा नाही.

पहिले, वेष्टन पाहावे. शक्ती, प्रकाशाची तरंगलांबी व वर्ग ही तिन्ही लिहिलेली हवीत. तसेच बनविणाऱ्याचे वा आयात करणाऱ्याचे नाव, पत्ता व मालाचा देश. आवेष्टित मालाच्या नियमांप्रमाणे नाव व पत्ता, आणि माल आयात केलेला असेल तर देशही, लिहिणे बंधनकारकच आहे. ज्याला आपले नाव सांगता येत नाही, त्याने सांगितलेला आकडा कशाला मानावा? ‘दहा किलोमीटर जातो’ हे तर माप नव्हेच.

दुसरे, घटांचा हिशेब करावा. दोन लहान घटांचे तीन व्होल्ट आणि ०.३ अँपिअर प्रवाह, यांचा गुणाकार ०.९ वॅट, म्हणजे ९०० मिलिवॅट. बाहेर पडणारा उजेड याहून पुष्कळच कमी असणार. तेव्हा अशा लेखणीवर ‘५००० मिलिवॅट’ लिहिले असेल तर ते उघड खोटे. मात्र हा हिशेब खोटी बढाई पकडतो, लपविलेली शक्ती पकडत नाही.

तिसरे, डोळ्याने ठरवू नये. मनुष्याच्या डोळ्याला हिरवा रंग अधिक दिसतो. बाजारातील हिरवा व तांबडा पॉइंटर समान शक्तीचे असले तरी हिरवा सुमारे आठपट तेजस्वी भासतो. तसेच आगकाडी पेटवून किंवा फुगा फोडून दाखविणे ही परीक्षा नव्हे. तो खेळ ज्याने साधतो तो पॉइंटर मुलांच्या जवळपासही नसावा.

चौथे, आणि सर्वांत महत्त्वाचे, विक्रेत्याला मापन मागावे: नमुन्याच्या पॉइंटरचे नव्हे, आपण घेणार त्याच वस्तूचे. मापक कोणता? उष्णतेवर चालणारा असेल तर सर्व रंगांस सारखा न्याय देतो. प्रकाशाची वीज करणाऱ्या चकतीचा असेल तर तो त्या तरंगलांबीस लावलेला आहे काय? मापन दोन मिनिटे तरी चालू ठेवले काय? हिरव्या पॉइंटरची शक्ती तापण्यानुसार वरखाली होते, व त्यातील सोयीचा आकडा निवडता येतो. अवरक्त गाळणाऱ्या काचेसह व तिच्याविना अशी दोन मापे घेतली काय? ही उत्तरे मिळाली नाहीत तर माल ठेवून परत यावे. वस्तू घेतलीच असेल तर जवळच्या महाविद्यालयात ती तपासून घ्यावी, आणि तोवर कळ दाबू नये.

कोणी म्हणेल, दोनशे रुपयांच्या वस्तूसाठी एवढी उठाठेव? माझे उत्तर असे. कमी वजनाचे धान्य घेतले तर तोटा माझा होतो. ती तक्रार मी करीन किंवा पोटात घालीन. जादा शक्तीचा उजेड घेतला तर तोटा ज्याने काहीच विकत घेतले नाही त्याचा होतो. जुन्या काळी मापाची तपासणी हा गिऱ्हाइकाचा हक्क होता. या वस्तूपुरती ती त्याच्यावरील जबाबदारी झाली आहे.

तो पॉइंटर मी घट काढून कपाटात बंद ठेवला आहे. तारे दाखविण्यास आता एक लांब वेळूची काठी घेतो. मुलांना रांगेने माझ्या खांद्याशी उभे करतो. वेळ लागतो, पण व्याध सर्वांना सापडतो. तो मुलगाही येतो. त्याचा ठिपका पुष्कळ ओसरला, मात्र सारा गेला नाही. कृत्तिका वर आल्या की मी मुलांना एकेक डोळा झाकून त्या मोजावयास सांगतो. उजव्या डोळ्याने तो चटकन सहा म्हणतो. डाव्याने मोजताना थोडा थांबतो, मान किंचित वळवितो, आणि मग सांगतो. तो थांबतो तेवढा वेळ मी काही बोलत नाही.